काढलेलं एक्सटेन्शन दुसऱ्या दिवशी परत येतंय? आधी ते कोण आणतंय ते शोधा

“दादा, काल काढून गेलात न तुम्ही, आज सकाळी पुन्हा हजर हाय बघा.” जिंतूरमध्ये मल्टिसर्व्हिसेस चालवणाऱ्या एका ताईंचा हा फोन मला एकाच खरीप हंगामात पाच वेळा आला. अ‍ॅड्रेस बारमध्ये काहीही टाईप केलं की गूगलऐवजी भलतंच सर्चचं पान उघडायचं आणि वरच्या चार-पाच ओळी नुसत्या जाहिरातींच्या. मी जायचो, क्रोमच्या यादीतून ते एक्सटेन्शन (क्रोमला जोडला जाणारा छोटा प्रोग्राम) काढायचो, क्रोम बंद-चालू करून दाखवायचो. सगळं ठीक. दुसऱ्या दिवशी ताई शटर उघडून कॉम्प्युटर लावायच्या आणि ते जागच्या जागी.

पाचव्या फोनचं कारण गंभीर होतं. चारठाण्याकडचे एक आजोबा ठिबकच्या अनुदानाचा अर्ज भरायला आले होते. ताईंनी सवयीने ‘महाडीबीटी लॉगिन’ असं टाईप केलं, पहिल्या ओळीवर क्लिक केलं. पान हुबेहूब तसंच. आधार नंबर टाकला, मोबाईल नंबर टाकला आणि पैसे भरायच्या पानावर ४९९ रुपये दिसले. तेव्हा अर्जाची फी २३ रुपये ६० पैसे होती आणि ती ताईंना पाठ होती, म्हणून त्यांचा हात थांबला. आजोबांचे पैसे वाचले. पण त्यांचा आधार नंबर कुणाच्या तरी हाती गेला तो गेलाच.

त्या दिवशी मी दुकान बंद होईपर्यंत तिथंच बसलो. तिथं जे सापडलं, आणि पुढे सेलू, मानवत, परभणीच्या सेंटरांवर जे पुन्हा पुन्हा दिसलं, ते लिहितोय. लोकांची कागदपत्रं ज्या कॉम्प्युटरवरून जातात त्या प्रत्येक दुकानदाराने हे करून बघावं अशी माझी मनापासून विनंती आहे.

पहिली चाचणी

क्रोममध्ये वर उजव्या कोपऱ्यात प्रोफाइलचं गोल चित्र असतं, त्यावर क्लिक करून गेस्ट विंडो उघडा. या खिडकीत एकही एक्सटेन्शन चालत नाही, तुमचं जीमेल नसतं, साठवलेले पासवर्ड नसतात. इथं सगळं नीट चाललं तर बिघाड एखाद्या एक्सटेन्शनचा किंवा तुमच्या क्रोम प्रोफाइलचा आहे, पण ते एक्सटेन्शन पुन्हा पुन्हा बसवणारं मूळ बाहेर असू शकतं, ते पुढे सांगतो. इथंही भलतंच पान उघडलं तर बिघाड क्रोमच्या बाहेर आहे. मग त्याच वायफायवर मोबाईल जोडून बघा. मोबाईलवरही तेच होत असेल तर बहुधा राउटरच्या डीएनएस सेटिंगमध्ये (वेबसाईटच्या नावावरून तिचा खरा पत्ता शोधणारी सोय) कुणीतरी बदल केलाय. राउटर रीसेट करून त्याचा मूळ पासवर्ड बदलावा लागेल. मोबाईल ठीक आणि कॉम्प्युटर बिघडलेला असेल, तर त्या विंडोजमध्येच काहीतरी बसलंय.

ही दोन मिनिटांची चाचणी मी पहिल्या चार फेऱ्यांत केली नाही. केली असती तर आजोबांची ती वेळ आली नसती, हे मला अजून खुपतं.

ते परत येतं कुठून

सगळ्यात जास्त वेळा दिसलेली वाट म्हणजे जीमेल खातं. क्रोमला सिंक चालू असेल तर एक्सटेन्शनची यादीही खात्यात साठते. लोक वैतागून अख्खं क्रोम काढून टाकतात, नवीन डाउनलोड करतात आणि पुन्हा त्याच जीमेलने लॉगिन करतात. खात्यात साठलेलं सगळं पाच मिनिटांत परत उतरतं, नको असलेलंसुद्धा. ताईंचं एकच जीमेल दुकानातल्या दोन कॉम्प्युटरवर आणि घरच्या लॅपटॉपवर चालू होतं. एका ठिकाणचा रोग त्यामुळे तिन्हीकडे. सिंकच्या सेटिंगमध्ये कोणकोणत्या गोष्टी सिंक करायच्या ते निवडता येतं, तिथं एक्सटेन्शनचं बटण बंद करा. हे तिन्ही मशीनवर करायचं, आणि एक मशीन साफ करताना बाकीची बंद ठेवायची.

दुसरी वाट ओळखायला सोपी आहे. एक्सटेन्शनसमोर काढून टाकायचं बटणच नसेल, किंवा क्रोमच्या तीन ठिपक्यांच्या मेनूत खाली ‘मॅनेज्ड बाय युवर ऑर्गनायझेशन’ असं दिसत असेल, तर कुठल्या तरी प्रोग्रामने विंडोजमध्ये क्रोमसाठी पॉलिसी लिहून ठेवली आहे. ही सोय मोठ्या कंपन्यांसाठी आहे. हजार कर्मचाऱ्यांच्या मशीनवर एकच एक्सटेन्शन सक्तीने बसवायचं असेल तर त्यांना ती लागते. आपल्या दुकानाची अशी कुठली ऑर्गनायझेशन नसते. काही अँटीव्हायरस मात्र खरोखर पॉलिसी लिहितात, म्हणून नुसती ती ओळ बघून घाबरू नका. अ‍ॅड्रेस बारमध्ये इंग्रजीत क्रोम लिहा, त्याला चिकटून कोलन आणि दोन तिरप्या रेघा, मग पॉलिसी. जे पान उघडेल त्यात ‘एक्सटेन्शन इन्स्टॉल फोर्सलिस्ट’ नावाची ओळ आहे का ते बघा. असेल आणि तिच्यातलं एक्सटेन्शन तुमच्या ओळखीचं नसेल, तर चोर सापडला.

ही नोंद रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सगळ्या सेटिंगच्या वहीत असते, आणि ती रजिस्ट्री एडिटरमधून उघडते. एच-की लोकल मशीन, मग सॉफ्टवेअर, पॉलिसीज, गूगल, क्रोम असं उघडत जायचं. करंट युझरखालीही तीच साखळी तपासायची. हात लावण्याआधी त्या फोल्डरवर राइट क्लिक करून एक्सपोर्टने प्रत काढून ठेवा. रजिस्ट्रीत चुकीचं काही उडालं तर विंडोजच उघडेनासं होतं. मनात शंका असेल तर जाणत्या माणसाला शेजारी बसवा, यात कमीपणा नाही.

पण नोंद उडवली म्हणजे काम झालं असं समजू नका. ताईंच्या मशीनवर मी ती उडवली आणि तासाभरात माझ्या डोळ्यांदेखत ती परत आली. ही तिसरी वाट, टास्क शेड्युलर. विंडोजमध्ये ठरलेल्या वेळी किंवा कॉम्प्युटर चालू होताच एखादं काम आपोआप करायची सोय असते. तिच्यात एक टास्क लपलं होतं. त्याचं नाव एखाद्या अपडेटसारखं होतं, पण ‘अ‍ॅक्शन्स’ या टॅबमध्ये पॉवरशेलची (विंडोजला लेखी हुकूम द्यायचं साधन) एक लांबलचक आज्ञा होती. ती सारखी येऊन पॉलिसी पुन्हा लिहायची आणि पॉलिसी एक्सटेन्शन पुन्हा बसवायची. म्हणजे आम्ही रोज पानं तोडत होतो आणि मुळाला रोज पाणी मिळत होतं.

हा प्रकार फक्त जिंतूरचा नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये सुरक्षा संशोधकांनी अशाच पद्धतीने किमान तीन लाख लोकांच्या क्रोम आणि एजमध्ये सक्तीने एक्सटेन्शन बसवणारं जाळं उघड केलं होतं. व्हीएलसी प्लेअर, पासवर्ड साठवणारं कीपास अशा नावाजलेल्या सॉफ्टवेअरच्या खोट्या डाउनलोड साईट काढून चोरट्यांनी लोकांना गाठलं होतं. तिथंही टास्क आणि पॉवरशेल हीच जोडी.

म्हणून क्रम महत्त्वाचा आहे. आधी नेटची वायर काढा किंवा वायफाय बंद करा. मग संशयास्पद टास्क शोधा, ते कुठली फाईल चालवतं ते कागदावर लिहून घ्या, टास्क उडवा आणि ती फाईलही उडवा. त्यानंतर पॉलिसीची नोंद. सगळ्यात शेवटी एक्सटेन्शन. उलट्या क्रमाने गेलात तर मेहनत वाया जाते. एवढं झालं की विंडोज सिक्युरिटीमधून डिफेंडरचं ऑफलाइन स्कॅन लावा. कॉम्प्युटर रीस्टार्ट होऊन विंडोज पूर्ण सुरू व्हायच्या आधीच ते तपासणी करतं, साधारण पंधरा मिनिटं लागतात. आपल्याकडे लाईटचा भरवसा नाही, तेव्हा इन्व्हर्टर चार्ज असतानाच हे करा. दुसऱ्या दिवशी सकाळी कॉम्प्युटर लावल्यावर पॉलिसीचं पान पुन्हा उघडून बघा. ते स्वच्छ दिसलं तरच काम पुरं.

त्या मशीनवरून बँकेचे व्यवहार होत असतील किंवा डिजिटल सहीचं टोकन लागत असेल तर माझं मत स्पष्ट आहे: फाईलींची प्रत काढा आणि विंडोज फॉरमॅट करा. एक दिवस धंदा बुडतो, पण काय काय मागे राहिलं असेल या शंकेवर लोकांचे पैसे ठेवणं बरोबर नाही.

दोन किरकोळ वाटा उरतात. डेस्कटॉपवरच्या क्रोमच्या शॉर्टकटवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये ‘टार्गेट’ बघा. शेवटी एखाद्या वेबसाईटचा पत्ता जोडलेला असेल तर तो खोडा. आणि स्क्रीनच्या कोपऱ्यात ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये पाच व्हायरस’ असे डबे येत असतील तर तो बहुतेक वेळा एक्सटेन्शनचा दोष नसतोच. कुठल्या तरी पानाने ‘तुम्ही रोबोट नाही हे सिद्ध करायला अलाऊ दाबा’ म्हटलं आणि कुणीतरी दाबलं. क्रोमच्या साईट सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशनची यादी उघडून अनोळखी साईट काढल्या की डबे थांबतात.

मुळात ते आलं कशातून

मी बघितलेल्या जवळजवळ प्रत्येक सेंटरवर उत्तर एकच निघालं: फोटो. भरतीच्या अर्जाला फोटो २० ते ५० केबीत पाहिजे, सही १० ते २० केबीत पाहिजे. बाहेर रांग लागलेली, पोराची शेवटची तारीख आज रात्रीची. अशा घाईत ‘फोटो केबी कमी करणे’ असं शोधायचं आणि पहिलं दिसेल ते उतरवायचं. ताईंच्या मशीनवरही तसंच एक फुकट सॉफ्टवेअर सापडलं. दुसरा नंबर लागतो फुकटात ऑफिस चालू करणाऱ्या अ‍ॅक्टिव्हेटरचा.

यातल्या बहुतेक कामांना बाहेरचं काही लागतच नाही. फोटो पेंटमध्ये उघडा, रीसाइझमध्ये पिक्सेल कमी करा, जेपेग म्हणून सेव्ह करा. फाईल किती केबीची झाली ते खालच्या पट्टीत दिसतं, दोनदा केलं की अंदाज बसतो. वेबपानाची पीडीएफ हवी असेल तर प्रिंटमध्ये जाऊन ‘सेव्ह अ‍ॅज पीडीएफ’. स्क्रीनशॉटला विंडोज, शिफ्ट आणि एस. मराठी टायपिंगसाठी विंडोज १० मध्ये २०१९ पासून मराठी फोनेटिक कीबोर्ड आहे, भाषेच्या सेटिंगमधून जोडायचा. ऑफिसच्या जागी लिबरऑफिस घ्या, त्यात मराठी अर्ज, बिलं, तक्ते सगळं होतं. ताईंच्या क्रोममध्ये नऊ एक्सटेन्शन होती. ही यादी लिहून दिल्यावर त्यातली सात नको झाली.

कुठलं ठेवायचं हे कसं ठरवायचं

एक्सटेन्शन बसवताना क्रोम एक परवानगी दाखवतं: ‘सगळ्या वेबसाईटवरचा तुमचा सगळा डेटा वाचणे आणि बदलणे’. ही ओळ वाचून थांबा. पुष्कळ जण मला सांगतात, पत्ता एचटीटीपीएसने सुरू होतोय म्हणजे आपण सुरक्षित. एचटीटीपीएस तुमच्या कॉम्प्युटरपासून वेबसाईटपर्यंतच्या रस्त्यावर राखण करतं. एक्सटेन्शन मात्र घरात बसलेलं असतं, पानाच्या आत. तुम्ही टाईप केलेला आधार नंबर, पासवर्ड, ओटीपी त्याला रस्त्यावर निघायच्या आधीच दिसू शकतो. झेरॉक्सवाल्याला मूळ सातबारा हातात दिल्यासारखंच आहे. माणूस खात्रीचा असेल तर काम सोपं होतं, नसेल तर त्याच्याकडे एक प्रत राहिली.

आणि खात्रीचं एक्सटेन्शन कायम खात्रीचं राहील असंही नाही. द ग्रेट सस्पेंडर हे लाखो लोकांचं आवडतं एक्सटेन्शन होतं. २०२० मध्ये मूळ मालकाने ते दुसऱ्याला विकलं आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलने त्यात घातक कोड असल्याचं सांगून ते काढून टाकलं. डिसेंबर २०२४ मध्ये, ऐन नाताळात, सायबरहेवन या सुरक्षा कंपनीच्याच एक्सटेन्शनमध्ये चोरट्यांनी स्वतःचा कोड घातला. कंपनीच्या एका कर्मचाऱ्याला फसव्या मेलने गाठून त्यांनी ते साधलं होतं. एक्सटेन्शन आपोआप अपडेट होतात, त्यामुळे वापरणाऱ्याला काहीच करावं लागलं नाही आणि काही कळलंही नाही. म्हणून माझा हिशेब संख्येचा आहे. जितकी कमी तितकी बरी.

सेंटरच्या मशीनवर मी दोनच ठेवतो. एक जाहिराती अडवणारं, एक पासवर्ड मॅनेजर (सगळे पासवर्ड कुलपात सांभाळणारं).

जाहिराती अडवण्यासाठी यूब्लॉक ओरिजिन, रेमंड हिल यांनी बनवलेलं. खोट्या सरकारी साईट बऱ्याचदा जाहिरातीच्या ओळीतूनच वर येतात, त्यामुळे हे निव्वळ सोयीचं नसून सुरक्षेचंही साधन आहे. गूगलने एक्सटेन्शनचे नियम बदलल्यापासून क्रोममध्ये जुनं यूब्लॉक ओरिजिन चालत नाही, तिथं यूब्लॉक ओरिजिन लाइट घ्यावं लागतं. फायरफॉक्समध्ये पूर्ण ताकदीचं अजून चालतं. नाव नीट वाचून घ्या. नुसतं ‘यूब्लॉक’ नावाचं एक वेगळं एक्सटेन्शन आहे, त्याचा आता हिल यांच्याशी संबंध नाही. एचटीटीपीएस एव्हरीव्हेअर हे नाव जुन्या सल्ल्यांत अजून दिसतं, ते २०२३ च्या जानेवारीत बंद झालं. ब्राउझरच्या सेटिंगमध्येच आता तशी सोय आहे, तीच चालू करा. कूपन देणारी, सवलत शोधणारी, फुकट व्हीपीएनची एक्सटेन्शन अजिबात नकोत. सेंटरच्या मशीनवर त्यांचं कामच नाही.

एखादं एक्सटेन्शन ठेवायचंच असेल तर त्याच्या ‘डिटेल्स’मध्ये जाऊन साईट अ‍ॅक्सेस ‘क्लिक केल्यावरच’ असा करा. म्हणजे ते सगळ्या पानांवर डोकावत बसणार नाही.

ज्यांच्याकडे अजून विंडोज ७ आहे त्यांना कळकळीने सांगतो: तिथं क्रोमची शेवटची आवृत्ती १०९, जानेवारी २०२३ ची. त्यानंतर सापडलेली भोकं बुजलेली नाहीत. त्या मशीनवर कितीही चांगली एक्सटेन्शन घातली तरी भिंतच पडकी आहे. झेरॉक्स आणि प्रिंटला वापरा, लोकांचे अर्ज तिथून भरू नका.

पासवर्डचं काय

ताईंच्या काउंटरखाली दोन वह्या होत्या. गावनिहाय शेतकऱ्यांची नावं, युझर आयडी, पासवर्ड. निम्म्या लोकांचा पासवर्ड एकच, गावाचं नाव आणि १२३. यात त्यांचा हेतू चांगला होता. म्हातारी माणसं वर्षाने येतात, पासवर्ड विसरलेली असतात. शिवाय क्रोमने विचारलं की ‘सेव्ह’ दाबायची सवय, त्यामुळे दीडशेच्या वर लोकांचे पासवर्ड ब्राउझरमध्येही साठलेले.

क्रोमचा स्वतःचा पासवर्ड मॅनेजर घरच्या माणसासाठी वाईट नाही. दुकानात मात्र विंडोजचा पिन चौघांना माहीत असतो, आणि ज्याला पिन माहीत त्याला क्रोममधला प्रत्येक पासवर्ड उघडून बघता येतो. पिनच ठेवला नसेल तर विचारायलाच नको.

आता ताईंनी दोन वाटा वेगळ्या केल्या आहेत. गिऱ्हाइकाचं काम गेस्ट विंडोतच होतं. खिडकी बंद केली की लॉगिन, कुकी सगळं पुसलं जातं. पासवर्ड एका चिठ्ठीवर लिहून पावतीला स्टेपल करून त्या माणसाच्याच हातात देतात. हरवला तर त्याच्या मोबाईलवर ओटीपी घेऊन नवीन करायचा. वह्या जाळल्या.

दुकानाची स्वतःची खाती बिटवॉर्डन या पासवर्ड मॅनेजरमध्ये आहेत. त्याचा कोड सगळ्यांना बघता येतो, आणि फुकटच्या खात्यात कितीही पासवर्ड, कितीही मशीनवर ठेवता येतात. नेटवर काही ठेवायची इच्छा नसेल तर कीपासएक्ससी घ्या. सगळं एका कुलूपबंद फाईलमध्ये राहतं, तिची प्रत पेनड्राइव्हवर घरी ठेवायची. दोन्ही त्यांच्या अधिकृत साईटवरूनच उतरवा, वर खोट्या कीपासचं सांगितलंच आहे.

पासवर्ड मॅनेजरचा जो फायदा मला सगळ्यात मोठा वाटतो तो लक्षात ठेवण्याचा नाही. तो वेबसाईटच्या पत्त्यातलं मुख्य नाव अक्षरन्‌ अक्षर जुळवून बघतो. पान कितीही हुबेहूब असलं तरी पत्ता वेगळा असेल तर तो पासवर्ड पुढे करत नाही. त्याने पुढे केला नाही की आपण हात थांबवायचा आणि पत्ता वाचायचा. तो पत्ता, पहिल्या तिरप्या रेघेच्या आधी, ‘डॉट गव्ह डॉट इन’ने संपतोय का? मध्येच कुठेतरी ‘गव्ह’ लिहिलेलं असणं पुरेसं नाही. शेतकऱ्यांची खाती आपण साठवत नाही, त्यामुळे तिथं ही राखण मिळत नाही. म्हणून महाडीबीटी, महाभूलेख, आपले सरकार, पीएम किसान हे पत्ते एकदा खात्री करून घ्यायचे, छापून मॉनिटरला चिकटवायचे आणि गेस्ट विंडोत बघून टाईप करायचे. शोधायचं नाही.

मास्टर पासवर्ड, म्हणजे पासवर्ड मॅनेजर उघडायचा पासवर्ड, लांब हवा. २०२२ मध्ये लास्टपास या पासवर्ड मॅनेजरमधून लोकांच्या कुलूपबंद तिजोऱ्यांच्या प्रती चोरीला गेल्या. तिजोरीच चोराच्या हातात असली की तो निवांत बसून किल्ल्या लावून बघू शकतो, आणि मग मास्टर पासवर्ड किती मजबूत यावरच सगळं ठरतं. एकमेकांशी संबंध नसलेले पाच मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत जोडा. तो कागदावर लिहून घरच्या कपाटात ठेवला तरी चालेल, दुकानात नको. विसरलात तर बिटवॉर्डन कंपनीही तो काढून देऊ शकत नाही. ऑटो लॉक पाच मिनिटांवर ठेवा, चहाला उठलात तर तिजोरी उघडी राहू नये.

एक्सटेन्शन निघालं तरी त्याने आधी वाचलेले पासवर्ड परत येत नाहीत. साफ केल्यावर, किंवा त्याआधी दुसऱ्या स्वच्छ मोबाईलवरून, सगळ्यात आधी जीमेलचा पासवर्ड बदला, कारण बाकी सगळ्यांच्या चाव्या तिथंच येतात. मग बँक, मग पोर्टलं. जीमेलच्या सुरक्षा पानावरून अनोळखी मशीन लॉगआउट करा आणि टू-स्टेप (पासवर्डनंतर आणखी एक खात्री मागणारी सोय) चालू करा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर फोन करा. जितका लवकर कराल तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.

साफसफाईनंतर अंगठ्याचं मशीन बंद पडलं तर

सगळं स्वच्छ झाल्यावर आठवडाभरात ताईंचा पुन्हा फोन आला. पीएम किसानच्या ई-केवायसीला अंगठा घेतच नव्हतं, मशीनचा दिवा लागत नव्हता. ड्रायव्हर पुन्हा टाकू नका, आधी हे बघा. वेबसाईट अंगठ्याच्या मशीनशी बोलते ती त्याच कॉम्प्युटरवर चालणाऱ्या आरडी सर्व्हिस या सॉफ्टवेअरमार्फत, १२७.०.०.१ या पत्त्यावर (म्हणजे तोच कॉम्प्युटर), १११०० आणि त्यापुढच्या क्रमांकाच्या पोर्टवर (दारांवर). यूब्लॉकच्या याद्यांमध्ये बाहेरच्या साईटना घरच्या नेटवर्कमध्ये शिरू न देणारी एक यादी आहे. ती मुळात बंद असते. ताईंच्या भाच्याने जास्त सुरक्षा म्हणून सगळ्याच याद्यांवर टिक केलं होतं, आणि हे पान गेस्ट विंडोत नव्हे, दुकानाच्या नेहमीच्या खिडकीत उघडलं होतं (गेस्टमध्ये यूब्लॉक चालतच नाही). ती एक टिक काढली, पान रीफ्रेश केलं, दिवा लागला. तुमच्याकडे तसं नसेल तर त्या साईटपुरतं यूब्लॉक बंद करून बघा. तरीही लागला नाही तर विंडोजच्या सर्व्हिसेसमध्ये आरडी सर्व्हिस ‘रनिंग’ आहे का ते बघा. साफसफाईत ती चुकून थांबवलेली असू शकते, राइट क्लिक करून ‘स्टार्ट’ दाबा.